मगरीनं दाखवलेला आकडा

टिल्लू आता दारातून वाकून जावं लागेल इतका उंच झाला होता, पण लहानपणी चिकटलेलं नाव काही त्याला सोडत नव्हतं. अर्थात या साथीच्या दिवसांत त्याच्या ताईला त्याची उंची दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तिला तो दिसायचा फक्त मनगटापर्यंत.

त्याचं असं झालं होतं की आई इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला होती. वॉर्डांतल्या चादरी आणि उशांचे अभ्रे गोणीत भरून तिच्याकडे यायचे, ती ते मोठ्या यंत्रांत घालायची, वाळवायची आणि घड्या करून परत पाठवायची. साथ आली तशी तिनं घराची वाटणी केली. बाहेरची खोली आणि तिला लागून असलेलं न्हाणीघर आईचं. स्वयंपाकघर, आतलं न्हाणीघर आणि दोन खोल्या मुलांच्या. मधल्या दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच होती. बोलायचं ते काचेतून, आणि जेवणाचं ताट स्टुलावर ठेवून आपण मागं व्हायचं. वडील दूरच्या गावी कामावर होते, तिथेच अडकले होते. फोनवर ते एकच वाक्य बोलायचे, "सगळे नीट राहा," आणि मग त्यांना पुढचं काही सुचायचं नाही.

ताईनं नुकतीच विज्ञानाची पदवी घेतली होती. एका प्रयोगशाळेत नोकरी ठरलीही होती, पण "तूर्त थांबा" असं त्यांनी कळवलं. मग तिनं घरालाच प्रयोगशाळा केलं. दाराच्या मुठी पुसायच्या वेळा ठरल्या, साबणाला किती वेळ फेस आणायचा ते ठरलं, आणि सकाळ-संध्याकाळ रक्तातला प्राणवायू मोजायला बोटाला ऑक्सिमीटर लावायचा हेही ठरलं. जबडा उघडायचा, बोट आत घालायचं, की तो मिटून आकडा दाखवणार. टिल्लूनं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं होतं: मगर. "मगरबाई, नख तेवढं सोडा हं," असं म्हणून तो बोट पुढं करायचा. आईला काचेपलीकडे हसू आवरायचं नाही.

मग हळूहळू तो ताईसमोर खोलीबाहेर येईनासा झाला. शाळेचे तास फोनवर चालायचे, ते आधी आवाजासकट ऐकू यायचे, मग कानात वायर गेली. जेवण दाराशी. मगरीचे विनोद बंद. ताई दारावर टकटक करून म्हणायची, "हात." दार चार बोटं उघडायचं, फटीतून एक हात बाहेर यायचा, मगर चावायची, आकडा यायचा, हात आत जायचा. आकडा नेहमी उत्तम असायचा. काचेतून आईनं विचारलं, "टिल्लू कसा आहे गं?" की ताई आकडा सांगायची, आणि आईचे खांदे जरा खाली यायचे.

"चिडचिडा झालाय का?"

"बोलतच नाही, तर चिडेल कुठून."

"वय आहे," आई म्हणायची. तिचे डोळे इतके दमलेले असायचे की ताई पुढं काही बोलत नसे.

घरात दुसरी एक बारीकशी भानगड चालू होती. फ्रीजमधला बर्फाचा ट्रे रिकामा सापडायचा. ताईनं भरून ठेवावा आणि दुपारी बघावं तर खडखडाट. टिल्लूला विचारलं तर फटीतून उत्तर आलं, "मला काय माहीत." तिनं फ्रीजवर संशय घेतला. बर्फ वितळून उडून जात असेल, दाराचं रबर ढिलं असेल, म्हणून तिनं आत तापमापक ठेवला, दाराच्या फटीत कागद अडकवून ओढून पाहिला. फ्रीज निर्दोष निघाला. माणसावर संशय घ्यायला तिला वेळच मिळाला नाही, कारण त्याच सुमारास तळमजल्यावरच्या शिंपीकाकांना न्यायला गाडी आली.

शिंपीकाका आपल्या पायांनी गेले. पांढऱ्या पोशाखातल्या दोघांच्या मधून चालत, वर सगळ्या खिडक्यांकडे बघून हात हलवत. "शर्ट तयार ठेवतो रे," असं त्यांनी टिल्लूच्या खिडकीकडे बघून म्हटलंही. ते परत आले नाहीत. त्यांच्या दुकानाच्या काचेतून अजून त्यांचं यंत्र दिसायचं, आणि सुईखाली अडकलेली एक निळी बाही. टिल्लूचीच ती. तेव्हापासून ताई जिन्यावरून उतरताना त्या बाजूला बघायची नाही. ती गाडी परत या गल्लीत आली तर कुणासाठी येईल, हा विचार मनात आला की ती जाऊन दाराच्या मुठी पुसायची.

त्या दुपारी ती भांडी पुसत होती. वेळ मगरीची नव्हती. भिंतीपलीकडून आवाज आला. कुणी लांबून पळत येऊन थांबावं तसा श्वास, आणि तो थांबतच नव्हता. आत, बाहेर, आत, बाहेर, मध्येच एक आखूड हुंदक्यासारखा.

तिच्या हातातली ताटली तशीच राहिली. ती दाराशी गेली.

"टिल्लू?"

श्वास एकदम दाबल्यासारखा झाला.

"टिल्लू, हात."

"आत्ता कशाला? संध्याकाळी."

हे एवढंसं वाक्य त्यानं तीन तुकड्यांत म्हटलं.

"हात दे म्हणते ना."

बऱ्याच वेळानं दार चार बोटं उघडलं. हात बाहेर आला. तो ओला होता. घाम, तिनं मनात नोंद केली. मगर लावली. आकडा यायला नेहमीपेक्षा वेळ लागला, मग आला: पंच्याऐंशी.

पण शिकवलेलं असं होतं की एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही. तिनं मगर काढून स्वतःच्या बोटाला लावली. अठ्ठ्याण्णव. म्हणजे यंत्र ठीक होतं. पुन्हा त्याच्या बोटाला. त्र्याऐंशी.

"किती?" आतून आवाज.

"थांब जरा."

"ताई, किती?"

तिला खोटंही सांगता येईना आणि खरंही. आईनं बजावून ठेवलं होतं, नव्वदच्या खाली गेलं तर सरळ फोन लावायचा, मला विचारत बसायचं नाही. तरी तिनं आधी आईलाच लावला. आईचा फोन कामाच्या वेळी कपाटात असायचा, तो वाजत राहिला. मग तिनं दुसरा, गाडी बोलवायचा नंबर लावला. भिंतीवर चिकटवलेला होता तो, आणि इतके दिवस त्याच्याकडे बघायचं ती टाळत होती.

पलीकडच्या बाईंचा आवाज घोगरा होता, दिवसभर बोलून बसलेला.

"वय?"

"सतरा. माझा भाऊ आहे. आकडा त्र्याऐंशी दाखवतोय."

"ताप?"

"नाही. सकाळी नव्हता. आता... मी हात लावलेला नाही कपाळाला."

"पूर्ण वाक्य बोलता येतंय का त्याला? एका दमात?"

ताईनं फोन फटीशी धरला. "टिल्लू, काहीतरी बोल. लांबलचक."

"काय बोलू... ताई... ठेव ना तो फोन... मी नाही जाणार."

"ऐकलं," बाई म्हणाल्या. "ओठ निळे आहेत?"

"मला दिसत नाही तो."

"दिसत नाही म्हणजे? तुम्ही त्याच्याजवळ आहात ना?"

"हो," ताई म्हणाली, आणि उत्तर किती विचित्र आहे ते तिचं तिलाच कळलं. "दाराबाहेर आहे."

"बाळ, दार उघडून आत जा. मास्क लाव आणि जा. गाडी पाठवते, पण वेळ लागेल, आधी दोन घरं आहेत. कपडे भरून ठेव त्याचे. बरोबर कुणाला येता येणार नाही, माहीत आहे ना?"

माहीत होतं. सगळ्या गल्लीला ते माहीत होतं.

तिनं मास्क चढवला, पिशवी घेतली आणि दाराला खांदा लावला. टिल्लूनं आतून पाय अडवला होता.

"तू फोन केलास त्यांना?"

"केला. सरक."

"मी नाही जाणार. शिंपीकाका गेले ना चालत? मी नाही जायचा."

"टिल्लू, तुझा श्वास बघ कसा चाललाय. सरक, नाहीतर मी..." पुढं काय करणार हे तिला ठाऊक नव्हतं. "सरक ना रे. प्लीज."

ते ऐकून असेल किंवा त्याच्या पायातलं बळच गेलं असेल, दार उघडलं.

कित्येक आठवड्यांनी तिनं अख्खा भाऊ पाहिला. केस मानेवर आलेले, गळ्याची हाडं वर आलेली. तो दारापाठीमागून घसरत जमिनीवर बसला, पाठ भिंतीला आणि गुडघे छातीशी. ओठ निळे नव्हते. पांढरे होते, पण निळे नव्हते. ती ते ओठ बघत राहिली आणि तिला काही ठरवता येईना. खिडकीचा पडदा सेफ्टीपिना लावून बंद केला होता. अंथरूण गोळा झालेलं. खोलीला कोंदट कपड्यांचा वास होता, आणि त्यात भर म्हणून ओल्या फडक्याचा.

"छातीत दुखतंय?"

त्यानं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

ती कपडे भरू लागली. शर्टाची घडी काही केल्या बसत नव्हती. आई दिवसातून शेकडो घड्या घालते आणि आपल्याला एक जमत नाही, असा काहीतरी निरर्थक विचार तिच्या डोक्यात आला. मोजे पलंगाखाली असतील म्हणून तिनं हात घातला. हाताला मोज्यांऐवजी शाळेचा जुना डबा लागला. गार. इतका गार की तिनं हात झटकन मागं घेतला. मग तो ओढून बाहेर काढला आणि उघडला.

आत बर्फ होता. चार-पाच खडे, कडा विरघळलेल्या, आणि तळाशी पाणी. शेजारी पिळून ठेवलेला टॉवेल.

फ्रीजचं रबर, दारातला कागद, तापमापक, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"हे काय आहे?"

टिल्लूनं गुडघ्यात तोंड घातलं.

"टिल्लू, हे काय आहे? तू बर्फ खातोस?"

"खात नाही." मग गुडघ्यांतूनच, "धरतो."

"धरतो म्हणजे?"

"मुठीत. घट्ट. ते सुरू झालं की. माझ्या वर्गातला चष्मिष आहे ना, त्यानं सांगितलं. त्याला पण होतं. हात इतका दुखतो की मग... दुसरीकडे लक्ष जात नाही. मग श्वास येतो हळूहळू." त्यानं डोकं वर केलं. "आज येत नव्हता. आणि तू आलीस मध्येच."

"काय सुरू झालं की?"

"काहीच नाही होत. बसलेला असतो मी. आणि एकदम वाटतं, आता मरणार. असं, छातीवर कुणीतरी बसलंय. मग वाटतं, मी नाही, आई. आईच्या हातात असतील त्या चादरी. कुणाच्या तरी. ती त्या झटकते ना, यंत्रात घालायच्या आधी. मला दिसते ती झटकताना." तो पुन्हा धापा टाकू लागला. "रोज दिसते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू आकडा बघायचीस आणि जायचीस."

तो हे टोचायला म्हणाला नव्हता. फक्त जे घडत होतं ते सांगितलं होतं.

आणि तेवढ्यात, जी गोष्ट तिला दाराशीच सुचायला हवी होती ती सुचली. ओला हात. घाम नव्हताच तो. मगर बोटातून वाहणाऱ्या रक्तावर प्रकाश टाकून मोजते. बोट गारठलं की रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्त मागं सरतं, आणि मगरीला मोजायला काही उरत नाही. ती मग भलतंच सांगते. तिनं यंत्र तपासायला स्वतःचं बोट घातलं होतं, ते कोरडं आणि गरम बोट. एवढी साधी चूक महाविद्यालयात केली असती तर सरांनी वही भिरकावली असती.

पण ही चूकच होती, हे कशावरून? माणूस घाबरल्यानं धापा टाकतो तसा आजारानंही टाकतो. आणि तिला ज्या उत्तराची आशा होती तेच उत्तर नेमकं समोर आलं होतं, म्हणून तिचा त्यावर विश्वास बसेना.

तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. टॉवेलनं कोरडे केले. चोळले, तोंडाशी धरून फुंकर घातली, मग मास्क आहे हे लक्षात येऊन नुसतेच काखेत दाबून धरले. लहानपणी खेळून आल्यावर तो असेच गार हात तिच्या मानेला लावायचा आणि ती ओरडायची.

"बरोबर श्वास घे. माझ्यासारखा. मी सोडते तेव्हा सोड."

"तू पण धापा टाकतेयस."

"मग दोघं मिळून कमी करू. चल."

मगर लावली. आधी नुसत्या रेघा. मग अठ्ठ्याऐंशी. पुन्हा चोळणं. त्र्याण्णव. टिल्लू आकड्याकडे बघत होता, ती त्याच्या ओठांकडे. पुढचा आकडा यायच्या आत खाली गाडी वाजली.

खिडक्या उघडल्याचे आवाज आले. सगळ्या गल्लीत, वरपासून खालपर्यंत.

"ताई," टिल्लूनं तिचं मनगट पकडलं. "नको ना."

पायऱ्यांवर पावलं, मग दारावर थाप. पांढरा पोशाख, समोर प्लास्टिकचा पडदा, आणि पडद्याआड घामानं चिकटलेला एक चेहरा, वयानं तिच्याहून फार मोठा नसावा. त्याच्यामागं दुसरा, हातात घडीची खुर्ची. त्यात बसवून खाली न्यायचं असतं, हे तिनं शिंपीकाकांच्या वेळी पाहिलं होतं. काकांनी ती नाकारली होती.

"पेशंट कुठाय?"

"आत. पण ऐका, त्याच्या हातात बर्फ होता. मला माहीत नव्हतं. मी आकडा चुकीचा..."

"बर्फ?"

"बर्फ."

त्यानं पुढं काही विचारलं नाही. आत जाऊन टिल्लूसमोर उकिडवा बसला, स्वतःचं यंत्र काढलं, आधी हातमोज्यानंच टिल्लूचं बोट चाचपलं, मग लावलं. छातीला नळी लावली. पुढून, पाठीमागून. कपाळावर तापमापक रोखला.

"सत्त्याण्णव," तो म्हणाला. "छाती स्वच्छ. ताप नाही."

खुर्चीवाला दारातूनच म्हणाला, "मग चला. तिकडे म्हातारी वाट बघतेय."

ताईला त्या म्हातारीचा चेहरा माहीत नसूनही दिसला. "माझ्यामुळे उशीर झाला त्यांना," ती म्हणाली.

पांढऱ्या पोशाखातला तो उठला नाही लगेच. तो टिल्लूकडे बघत होता.

"असं किती वेळा होतं?"

"रोज. कधी दोनदा."

"हं." तो उठला, गुडघा धरून. मग ताईला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "आकडा चांगलाय. पोरगं चांगलं नाही. ते मला दिसतंय, पण त्यासाठी माझ्याकडे गाडी नाही. ज्या नंबरला फोन केलात ना, तिथंच मनाच्या डॉक्टरांचं विचारा. जोडून देतात. लगेच नाही देत. पुन्हा पुन्हा विचारायचं, सोडायचं नाही."

"आणि पुन्हा असं झालं तर? मला कसं कळणार, कुठलं खरं ते?"

"हात गरम ठेवा, आणि चेहरा बघत जा," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

ताई भिंतीला टेकली. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण भांडंच सापडत नव्हतं.

"गेले?" टिल्लू दारात उभा होता, वाकून.

"गेले."

आणि मग खालून एक आवाज आला. शब्द नव्हताच तो. दोघांनीही तो ओळखला. टिल्लू खिडकीकडे धावला, पडद्याच्या पिना ओढून काढल्या, एक पिन बोटाला लागली त्याचंही त्याला भान नव्हतं.

गाडी गल्लीच्या टोकाला वळत होती. आईची पाळी संपली होती. कोपऱ्यावरून वळताना तिला आपल्या दारातून निघालेली गाडी दिसली असणार. पिशवी रस्त्यात पडलेली, आणि आई, जी जिना चढताना दोनदा थांबते ती आई, गाडीमागं पळत होती.

"आई!" ताई ओरडली. आई थांबली नाही.

"आई," टिल्लू खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर झुकला. एवढा मोठा आवाज त्याच्यात शिल्लक असेल असं कुणाला वाटलं नसतं. "आई, मी इथं आहे. वर बघ. इथं."

आई थांबली. वळली. तिला खिडक्यांच्या गर्दीत त्याचा हात आधी दिसला, मग तो. ती मटकन रस्त्याच्या कडेला बसली.

"मग गाडी कुणाची?" खालून तिचा घोगरा आवाज.

सगळ्या खिडक्यांतून माणसं होती. ताईला वाटलं, आता तो आत जाईल, पडदा ओढेल.

"माझीच होती," टिल्लू म्हणाला. "मला काही झालं नाही. मला भीती वाटते, आई. रोज. खूप."

समोरच्या खिडकीतल्या एका मुलीनं, टिल्लूच्याच वयाची असेल, आत सरकायचं म्हणून धरलेला पडदा सोडून दिला आणि ती तिथेच उभी राहिली.

आई तशीच बसून वर बघत होती. मग उठली, रस्त्यातली पिशवी उचलली, झटकायला गेली आणि न झटकताच काखोटीला मारली.

"खिडकीतून आत हो आधी, पडशील," ती म्हणाली. "मी आंघोळ करून येते. काचेशी येऊन बस. सगळं सांगायचं मला. आकडे नकोत."

थोड्या वेळानं बाहेरच्या न्हाणीघरात पाणी वाजायला लागलं. दोघं मधल्या दाराशी जमिनीवर बसले. काचेपलीकडे अजून कुणी नव्हतं. टिल्लूच्या बोटातून रक्ताचा एक बारीक थेंब येत होता, तो त्यानं शर्टाला पुसला. ताईच्या हातात मगर अजून तशीच होती. ती कुठं ठेवायची हे तिला सुचत नव्हतं.

"दे," टिल्लू म्हणाला.

त्यानं जबडा उघडला आणि तिचं बोट आत घातलं. पडद्यावर रेघा आल्या. नुसत्या रेघा. त्यानं मगर काढून पुन्हा लावली. पुन्हा रेघा.

"ताई," तो म्हणाला, "मगरबाईंच्या मते तू नाहीसच."

तिला हसू आलं नाही. तिनं बघितलं तर तिची बोटं निळसर पडली होती. गार होती, त्याच्यापेक्षाही. तिनं तर बर्फाच्या डब्याला नुसता हात लावला होता, तोही मघाशी; हा गारठा बर्फाचा नव्हता.

टिल्लूनं मगर बाजूला ठेवली. तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, जरा घाबरतच, मग काखेत दाबून धरला, मघाशी तिनं धरला होता तसा. पलीकडे पाणी वाजत होतं. मग त्यानं मगर पुन्हा लावली, आणि दोघं आकडा यायची वाट बघू लागले.